पुस्तिका वाचून सिगारेट सुटते का?

प्रश्न
माझे वडील गेली चाळीस वर्षे रोज दहा-बारा सिगारेटी ओढतात. डॉक्टरांकडे जाण्यास ते ठाम नकार देतात. मात्र हाती पडेल ते वाचतात, अगदी भेळेच्या पुड्याचा कागदसुद्धा. म्हणून धूम्रपान सोडण्याविषयीची एखादी मराठी पुस्तिका त्यांच्या उशाशी ठेवावी, असा विचार आहे. अशा पुस्तिकेचा खरोखर उपयोग होतो का, की ती केवळ आपल्या मनाची समजूत?

उत्तर १
उपयोग होतो, पण थोडा. या विषयावरील चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 मध्ये प्रसिद्ध केला. कोणतीच मदत न मिळालेल्यांपेक्षा, नुसते छापील साहित्य मिळालेल्यांमध्ये सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने अधिक आढळले. परंतु मुळात स्वबळावर सोडणारेच शंभरात मोजके, त्यामुळे प्रत्यक्षातील वाढ शंभरामागे जेमतेम एखाद्या माणसाची. प्रत्यक्ष समुपदेशन किंवा निकोटिनचे च्युइंगम चालू असताना पुस्तिकेची भर घातल्यास आणखी लाभ झाल्याचे मात्र दिसले नाही. म्हणजे पुस्तिकेचे मोल आहे ते तुमच्या वडिलांसारख्या, दुसरे काहीच न स्वीकारणाऱ्या माणसासाठी.

उत्तर २
मी सोडली तेव्हा पुस्तिकेतील मजकुरापेक्षा तिच्यातील कोरे तक्ते अधिक कामी आले. प्रत्येक सिगारेट किती वाजता, कोणाबरोबर आणि कशासाठी ओढली, हे आठवडाभर लिहिल्यावर लक्षात आले की निम्म्या सिगारेटी चहाच्या कपाला चिकटलेल्या होत्या. मग सोडण्याची तारीख ठरवून मी पहिले काही दिवस चहाच बदलला. पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. एक विनंती: पुस्तिका गुपचूप उशाशी ठेवू नका. माझ्या घरच्यांनी तसे केले होते आणि मी ती दोन महिने रागाने उघडलीच नाही. सरळ हातात द्या.

उत्तर ३
वडील छापील सारे वाचतात, तर पाकिटावरील क्रमांकही त्यांनी वाचला असेलच. 1800-11-2356 ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा असून, सप्टेंबर 2018 पासून हा क्रमांक धोक्याच्या इशाऱ्यासोबत छापला जातो. दवाखान्याची पायरी न चढता तेथे समुपदेशकाशी बोलता येते. पुस्तिका देताना तिच्या पहिल्या पानावर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.