काळ्या मातीत रुतलेली मोटरहोम: आधी रेस सोडा

"पहिल्या गिअरमध्ये जोरात रेस द्या, निघेल" असा सल्ला मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) रुतल्यावर कोणी दिला, तर तो काळ्या मातीत कृपा करून पाळू नका. ही माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी होते. जागीच फिरणारं चाक फक्त खाली उतरतं. तीनेक टनांची गाडी एकदा डिफरन्शियलवर (दोन चाकांच्या मधल्या आसावरचा गिअरचा गोळा) टेकली की ट्रॅक्टरच लागतो.

चाक जागी फिरलं की लगेच थांबा. सगळ्यांना उतरवा. पाण्याची टाकी चाकांपासून लांब रिकामी करा. १०० लिटर म्हणजे १०० किलो कमी. ज्या दिशेने निघायचंय, तिकडची माती फावड्याने उतार देऊन काढा. मागे जोडचाकं असतील तर दोन टायरांमधला चिखल कांबीने खरवडाच, नाहीतर ती जोडी रुळासारखी घसरते. टायरमधली हवा ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर ३५ वर आणा. फळी किंवा गोणपाट टायरखाली घट्ट खुपसा. पुढे काढताना दुसरा गिअर, क्लच अलगद.

ट्रॅक्टर आलाच तर दोर टो-हुकलाच (गाडी ओढण्यासाठी दिलेली कडी) बांधा, बंपरला नाही. दोरावर ओलं पोतं टाका आणि माणसं दोराच्या दीडपट लांब ठेवा. तुटलेला दोर जीव घेतो. डांबरीवर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेग नको.