नवरा-बायको मिळून लिहितात, मग नाव कोणाचं छापायचं?

संध्यातारा: हेन्री कटनर आणि सी. एल. मूर हे अमेरिकन लेखक जोडपं पुन्हा वाचतेय. १९४० साली दोघांचं लग्न झालं आणि पुढच्या कितीतरी विज्ञानकथा ‘लुईस पॅजेट’ किंवा ‘लॉरेन्स ओ’डॉनेल’ या नावांनी आल्या. दोन्ही नावं पुरुषांची! १९३३ च्या ‘शॅम्ब्लो’ या कथेमुळे मूरबाईंचं नाव आधीच गाजलं होतं. नव्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर दोघांची खरी नावं हवीत, टोपणनाव आतल्या पानावर.

अर्धविराम: साफ असहमत. एक थकला की दुसरा टाइपरायटरवर बसायचा आणि तिथूनच पुढे लिहायचा. कुठली ओळ कोणाची, हे नंतर त्यांनाही सांगता येत नसे. पॅजेटच्या नावावरची ‘मिम्झी वेअर द बोरोगोव्ह्ज’ (१९४३) ही कथा घ्या. भविष्यातली खेळणी हाती पडतात, मुलं वेगळ्याच तऱ्हेने विचार करू लागतात आणि आईबाप बघत राहतात. मला त्यात सांधा सापडत नाही. पॅजेट हा तिसराच लेखक आहे.

संध्यातारा: आणि ‘व्हिंटेज सीझन’ (१९४६)? संकट ‘बघायला’ भविष्यातून आलेले पर्यटक! छापली ओ’डॉनेलच्या नावावर, पण अभ्यासक ती मुख्यतः मूरबाईंचीच मानतात. ही कथा आवडलेला वाचक त्यांच्यापर्यंत पोचणार कसा? बाई म्हणून आधी ‘सी. एल.’ या आद्याक्षरांमागे लपायचं, मग नवऱ्यासोबतच्या टोपणनावामागे.

निळी शाई: आद्याक्षरांचं कारण वेगळं होतं. त्या बँकेत नोकरीला होत्या आणि लेखनाची वरकमाई बँकेला कळू द्यायची नव्हती. कटनरनी मात्र १९३६ मध्ये त्यांना पुरुष समजूनच पत्र लिहिलं होतं. ओळख तिथूनच झाली. १९३७ मधली त्यांची पहिली एकत्र कथा दोघांच्या खऱ्या नावांनीच छापून आली.

संध्यातारा: बँकेचं मान्य, मी चुकले. पण १९३७ मध्ये दोन नावं छापता आली, तर नंतर का नाही?

अर्धविराम: त्या कथेतली जिरेल आणि नॉर्थवेस्ट स्मिथ ही दोन्ही पात्रं मूरबाईंची, आधीपासून लोकप्रिय. तिथे त्यांचं नाव लागणारच. आणि लग्नानंतरही ‘नो वुमन बॉर्न’ (१९४४) त्यांनी स्वतःच्या नावाने दिली, तेही पॅजेट ज्या मासिकात लिहीत होता त्याच ‘अस्टाउंडिंग’मध्ये. म्हणजे कुठलं नाव कधी लावायचं, हे त्या ठरवू शकत होत्या. त्यांची ही निवड आपण का मोडायची?

संध्यातारा: ‘नो वुमन बॉर्न’चा मुद्दा मला पटला. १९५८ मध्ये कटनर गेले, अवघे ४२ वर्षांचे. त्यानंतर मूरबाईंनी टीव्हीसाठी पटकथा लिहिल्या, पण पॅजेट एकटीने पुढे चालवला नाही. म्हणून पॅजेटच्या मुखपृष्ठाचा हट्ट मी सोडते. ‘व्हिंटेज सीझन’चा सोडणार नाही. तिथे मूर हे नाव मोठ्या अक्षरांत हवं.