पॉइंट रेयेसच्या ओल्या कुरणातलं पिवळं फूल: काळी मुसळी की आयरिस कुळातलं?

ओलीमाती: कॅलिफोर्नियात पॉइंट रेयेसला, समुद्राजवळ पाणी झिरपणाऱ्या जागी मे महिन्यात दिसलं. उंची वीतभर, पानं गवतासारखी, फूल रुपयाच्या नाण्याएवढं, सहा पाकळ्या. झाडं ओळखणारं अ‍ॅप आयरिस कुळ सांगतं, मला मात्र सह्याद्रीतली काळी मुसळी वाटते. फोटो एकच आहे, वरून काढलेला.

केसरदल: फोटो मोठा करून पुंकेसर मोजा. मला तीनच दिसतात. आयरिस कुळात तीन असतात, मुसळीला सहा, त्यामुळे ती इथेच बाद. शिवाय मुसळीचं फूल जमिनीलगत उमलतं, पाकळ्यांच्या पाठीवर केस असतात आणि पानांवर उभ्या चुण्या. तुमचं फूल दांड्याच्या टोकाला आहे, पाकळ्यांवर तपकिरी शिरा आहेत. माझ्या मते आयरिस कुळातली सिसिरिंकियम कॅलिफोर्निकम.

कॅलिफोर्नियातलीच ट्रिटेलिया आणि ब्लूमेरियाही पिवळ्या, सहा पाकळ्यांच्या. पण पुंकेसर सहा, आणि एका बिंदूतून निघालेल्या लांब देठांवर छत्रीसारखा गुच्छ.

सडाकातळ: नुसत्या तीन पुंकेसरांवर कुळ ठरवू नका. आपल्या कोकणातल्या सड्यांवरच्या झायरिस या वनस्पतीलाही पराग देणारे पुंकेसर तीनच असतात. तिचं कुळ वेगळं, पाकळ्या तीन, आणि फूल खवल्यांच्या तपकिरी गोंड्यातून बाहेर येतं. म्हणून फूल बाजूने बघायचं. पाकळ्यांच्या खाली हिरवा फुगीर बीजांडकोश दिसला आणि बुडाशी पानं एकात एक बसून पंख्यासारखी एकाच पातळीत पसरलेली असली, तर आयरिस कुळ. वरून काढलेल्या फोटोत नेमक्या याच दोन गोष्टी लपतात.

केसरदल: मान्य. कुळ पटलं तरी जात ठरवायला दांडा हवा. तो दोन बोटांत धरून फिरवा. कॅलिफोर्निकमचा दांडा चपटा, दोन्ही कडांना पंख, फांद्या नाहीत. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या ओल्या कुरणांतली सिसिरिंकियम एल्मेराय नारिंगीकडे झुकणारी, दांडा बराच अरुंद. समुद्रकाठी तिची शक्यता जवळजवळ नाहीच. निळी-जांभळी सिसिरिंकियम बेलम रंगावरूनच वेगळी ओळखू येते, पण पुंकेसर मोजायला तिचं फूल घेऊ नका. पुंकेसरांचे तंतू जुळून नळी झालेली असते आणि हमखास चुकायला होतं.

ओलीमाती: पुन्हा जाऊन पाहिलं. दांडा चपटा, कडा धारदार, फांदी नाही. बुडाची वाळलेली पानं काळपट. फुलं मात्र सगळी मिटलेली!

सडाकातळ: ऊन आलं की उमलतात, ढगाळ हवेत मिटलेलीच राहतात. तिथे किनाऱ्यावर धुकं असतं, तेव्हा स्वच्छ सकाळ गाठा. काळपट पानं ही चांगली खूण आहे, ही जात वाळताना काळी पडते. तीन फोटो घ्या: फूल बाजूने, दांडा नाण्याशेजारी ठेवून, बुडाची पानं. तोडू नका, राष्ट्रीय उद्यान सेवेच्या हद्दीत ते बेकायदा आहे.

ओलीमाती: बागेत लावता येईल?

केसरदल: येईल, रोप किंवा बी देशी झाडांच्या नर्सरीतून घ्या. माती कायम ओली हवी, तळ्याचा काठ उत्तम. झाड फार वर्षं टिकत नाही, पण बी सांडून स्वतःच भरपूर उगवतं. पसारा नको असेल तर गोल बोंडं तपकिरी होऊन फुटायच्या आत कापा.