प्रतिसाद: दुसऱ्या मुलाचा विचार आधी का नाही केला?

"पहिलं मूल आजारी असताना दुसरं होऊच कसं दिलं?" या प्रश्नावर राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझ्या मामेभावाच्या दोन्ही मुलांना डुशेन आहे, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाणारा आनुवंशिक आजार. थोरला जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःवरच चढल्यासारखा उभा राहायचा. आम्ही हसायचो, "आजोबांची नक्कल करतो!" पाचव्या वर्षी कुणीतरी रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) तपासायला सांगितलं, ते हजारांत आलं. तेव्हा धाकटा दीड वर्षांचा होता. आधी कळणार कसं?

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून बहुतेक मुलग्यांनाच होतो. आई वाहक असली, म्हणजे दोष तिच्याकडून पुढे जाऊ शकत असला, तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. साधारण एक तृतीयांश मुलांत तर तो नव्यानेच उद्भवतो, आईत नसतोच. हे वहिनीच्या सासूबाईंना कोण समजावणार! तिने चार वर्षं टोमणे ऐकले.

आता स्टिरॉइड, रोजचं स्ट्रेचिंग, थोरल्याला व्हीलचेअर. वहिनीच्या बहिणीनेही लग्नाआधी वाहक चाचणी करून घेतली.

धाकट्याने परवा उठताना मांडीवर हात टेकला आणि लगेच आईकडे बघितलं. तिने मुद्दाम पाठ फिरवून कुकर लावला.