अनुभव धागा: कामाचा दौरा, चार मोकळे तास आणि भाड्याची रोडबाईक

घाटमाथा

मंडळी,

वर्षातून तीन-चारदा ऑफिसच्या कामासाठी बाहेरदेशी जावं लागतं. सुरुवातीच्या दौऱ्यांत पहाटे तीनलाच टक्क जाग यायची आणि नाश्ता सुरू होईपर्यंत हॉटेलच्या छताकडे बघत पडायचो. पुण्यात आठवड्याला दीडशे किलोमीटर चालवणारा माणूस तिथे जिममधल्या त्या खिळलेल्या सायकलवर पाय मारत बसायचा.

मग एकदा कॅलिफोर्नियात शनिवार मोकळा मिळाला. ९० डॉलर दिवसाला (हा आकडा घरी अजून सांगितलेला नाही) मोजून कार्बनची सायकल घेतली आणि वुडसाइडहून ओल्ड ला होंडाचा रस्ता धरला. साडेपाच किलोमीटरात जवळजवळ ३९० मीटर चढ. सिंहगडावर नेमाने जाणाऱ्याला घाम फुटेल असं काही नाही, पण दोन्ही बाजूंना रेडवुडची झाडं, रस्ता अरुंद, आणि मागून येणारी गाडी हॉर्न न वाजवता शांतपणे थांबून राहते! मीच दोनदा वळून बघितलं, हा बंद पडलाय की काय.

खरी फजिती उतरताना झाली. माझ्या घरच्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हाताला. अमेरिकेत तो डाव्या हाताला असतो. दुकानदाराने सांगितलंही असेल, मी नव्या गिअरकडे बघत होतो. वळणावर एक हरीण आलं, सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं. पडलो नाही, ही निव्वळ पूर्वपुण्याई. तेव्हापासून दुकानाच्या दारात पुढचं चाक हवेत धरून दोन्ही ब्रेक दाबून बघतो, मगच पैसे देतो.

धागा काढण्याचं कारण: चांगली सायकल आता बऱ्याच शहरांत मिळते, पण आपल्यासारख्यांचं गाडं माप, वेळ आणि अनामत या तीन ठिकाणी अडतं. तुम्ही कुठे घेतली, काय जमलं, काय फसलं, ते सविस्तर लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.

फिरकी

बार्सिलोनाला टेलिकॉमचं ते मोठं प्रदर्शन भरतं, त्यासाठी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी परतीचं तिकीट दोन दिवसांनी पुढे ढकललं. ते दोन दिवस सुट्टीत टाकले, खर्च माझा, हे साहेबांना आधीच लिहून दिलं. हा कागद महत्त्वाचा आहे, का ते पुढे येईलच.

बार्सिलोनाहून जलद गाडीने जिरोना पाऊण तासाच्या आत येतं. हे गाव म्हणजे सायकलवाल्यांचं आळंदी. युरोपातले बरेच व्यावसायिक सायकलपटू तिथे घर करून राहतात, आणि कॉफीच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या सायकलींची किंमत जोडली तर आमच्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्या येतील. भाडं मी दिवसाला ५० युरो दिलं. दुकानाने आठवडाभर आधी फॉर्म पाठवला: उंची, पायाची आतली लांबी, सीटची उंची, पेडलचा प्रकार. मी घरी टेप घेऊन पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजलं, ६८.५ सेंटीमीटर. गेले तर सायकल तितकीच लावून तयार.

एल्स आंजेल्स नावाच्या टेकडीवर गेले. दहा-एक किलोमीटर, चारशे मीटरच्या आसपास चढ, फार न दमवणारा. वरच्या देवस्थानात चित्रकार साल्वादोर दालीने त्याच्या गाला नावाच्या पत्नीशी १९५८ मध्ये चर्चच्या विधीने लग्न केलं. फेब्रुवारीचा शेवट असल्याने सकाळी बोटं लाकडासारखी. हातमोजे विकत घ्यावे लागले, ते मात्र भाड्याने मिळत नाहीत.

आता फसलेलं. अनामत म्हणून कार्डावर १५०० युरो अडकवून ठेवतात. माझ्या स्वतःच्या कार्डाची मर्यादा तेव्हा भरत आलेली, म्हणून मी हुशारीने कंपनीचं कार्ड पुढे केलं. संध्याकाळी अकाउंट्समधून मेल: "मॅडम, सायकल खरेदी कोणत्या खर्चात धरायची?" पैसे कापलेले नाहीत, नुसते रोखलेत, हे समजावण्यात दोन दिवस गेले. तो कागद नसता तर अवघड होतं.

घाटमाथा

सायकलवाल्यांचं आळंदी! हे मी वापरणार आहे.

फिरकी, सीटचं माप मोजून नेणं हा सोन्यासारखा सल्ला. मी आणखी एक करतो. हँडलपासून सीटच्या टोकापर्यंतचं अंतरही फोनमध्ये लिहून ठेवतो. एका कंपनीची ५४ मापाची फ्रेम दुसऱ्या कंपनीच्या ५४ सारखी नसते.

वाऱ्याविरुद्ध

मी चिपच्या धंद्यात. तैवानला शिनचूत महिना-महिना काढतो. शिनचूला तिथले लोक वाऱ्याचं शहर म्हणतात. हे नाव प्रेमाने ठेवलं असेल असं मला आधी वाटलं होतं. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की सपाट रस्त्यावरही घाट चढल्याचं पुण्य पदरात पडतं.

जायंट ही सायकल कंपनी तैवानचीच, ताइचुंगची, १९७२ साली सुरू झालेली. त्यामुळे गावोगाव त्यांची दुकानं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी सायकल भाड्यानेही मिळते. पण एक लक्षात घ्या, भाड्याला बहुतेक वेळा लांब पल्ल्याच्या प्रवासाची, पिशव्या लावायची सायकल देतात. हलकी रोडबाईक हवी तर स्पष्ट सांगून, आधी फोटो मागवून घ्यायची. मी पहिल्यांदा न विचारता गेलो आणि कॅरिअर, मडगार्ड, स्टँड असं सगळं लावलेलं यंत्र ताब्यात मिळालं. नुसतं दूधवाल्याचे कॅन टांगायचे बाकी होते. पण त्याच सायकलवर तीन क्रमांकाच्या प्रांतिक महामार्गाने बेइपू, एमेईकडच्या टेकड्यांत दोन रविवार इतके छान गेले की तक्रार केली नाही.

खाण्याचं सांगतो, कारण शाकाहारी लोक विचारतातच. कोपऱ्याकोपऱ्यावर सेव्हन-इलेव्हन किंवा फॅमिलीमार्टचं छोटं दुकान. पाणी, केळं, भाजलेलं रताळं मिळतं. अंडं चालत असेल तर चहात उकडलेलं अंडंही. साबुदाण्याच्या खिचडीची सर नाही, पण साठ किलोमीटरनंतर रताळं पोटाला बरं वाटतं.

कुडकुडे

जर्मनी. एकच वाक्य लिहितो: रविवारी दुकान बंद असतं.

बरं, अजून लिहितो. फ्रँकफर्टला शुक्रवारी रात्री पोचलो. रविवारी ताउनुस डोंगरात ग्रोसर फेल्डबर्गवर जायचं ठरवलं होतं, माथा जवळपास ८८० मीटरवर. शनिवारी क्लायंटबरोबर जेवण लांबलं, दुकानात पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली. रविवारी सगळं शहर झोपलेलं. मी यू-३ मेट्रोने ओबरउर्सेलच्या होहेमार्क थांब्यापर्यंत गेलो आणि तिथून चढावर जाणाऱ्या लोकांच्या सायकली बघत परत आलो.

पुढच्या वेळी शुक्रवारी दुपारीच उचलली आणि सोमवारी सकाळी परत केली. भाडं तीन दिवसांचं पडलं, पण रविवार हातात राहिला. सायकलीला घंटी आणि दिवे लागतात, हेही दुकानदाराने बजावून लावून दिलं. पंधरा हजार युरोची दिसणारी सायकल आणि तिला ट्रिंग ट्रिंग घंटी!

पाचफुटी

सगळे माप-माप करतात म्हणून लिहायला आले. माझी उंची पाच फूट. भाड्याच्या दुकानात ४४ किंवा ४७ ची फ्रेम असली तरी एखादीच असते, आणि ती कोणीतरी आधी नेलेली असते. लंडनला दोनदा ५० ची देऊन "सीट खाली करून देतो ना" म्हणाले. सीट खाली होते हो, पण हँडल लांबच राहतं. परत आले तेव्हा मान वर होत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी माझंच प्रेझेंटेशन. आता मी तिकीट काढायच्या आधी सायकल ठरवते, उलटं नाही. छोटी फ्रेम नसेल तर सरळ पळायचे बूट नेते.

सीटही स्वतःची नेते. अडीचशे ग्रॅमची वस्तू, सुटकेसमध्ये मावते. सुरक्षा तपासणीत एकदा उघडून बघितली, तो प्रसंग सांगत नाही.

लंडनचं चांगलंही लिहू दे. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत सूर्य असतो. ऑफिस सुटल्यावर सहाला सायकल घेऊन रिचमंड पार्कात साडेदहा-अकरा किलोमीटरच्या दोन फेऱ्या सहज होतात. हरणं रस्त्यावरच बसलेली असतात, ती हलत नाहीत, आपणच हलायचं. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, ब्रेकही आपल्यासारखे. घाटमाथा, तुमच्यासाठी योग्य देश. फक्त ऑफिसच्या गर्दीच्या वेळी बऱ्याच लोकल गाड्यांत न मिटणारी सायकल चढू देत नाहीत. बॉक्स हिलला जायचं तर शनिवार-रविवारच बघा. २०१२ च्या ऑलिंपिकची रस्ता शर्यत तिथूनच फिरली होती. चढ छोटा आहे, नाव मोठं.

घाटमाथा

पाचफुटी ताई, हे मला सुचलंच नव्हतं. मी ५४ चा, कुठेही गेलो तरी तीन-चार तयार उभ्या असतात. त्या हरणाच्या प्रसंगानंतर "आपणच हलायचं" हे मात्र पटलं.

वाळूतला

दुबई. २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली, त्यामुळे भारतातल्या ऑफिसशी तारखा जुळतात. अल कुद्राचा सायकल मार्ग वाळवंटातून जातो, गाड्यांचा त्रास नाही, सुरुवातीलाच भाड्याचं दुकान. मे ते सप्टेंबर पहाटे साडेचारला निघालात तर सातपर्यंत परत, नाहीतर भाजून निघाल. एकदा ओरिक्स (लांब सरळ शिंगांचा वाळवंटी प्राणी) दिसला. मी हरीण म्हणालो, बरोबरचा बाटलीतलं पाणी सांडेपर्यंत हसला.

बॅटरीखाली

इलेक्ट्रॉनिक गिअरबद्दल कोणीच बोललं नाही. शहर सांगत नाही, दुकानही नाही. महागडी सायकल, तारेऐवजी मोटरवर चालणारे गिअर. दुकानात विचारलं, चार्ज आहे का? हो हो. चाळीसाव्या किलोमीटरला पुढचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) हलेना. बॅटरी संपत आली की ही यंत्रणा आधी पुढचा बंद करते, मागचा थोडा वेळ चालू ठेवते. मला हे माहीत नव्हतं, वाटलं मोडला. पुढे मोठ्या चकतीवर अडकलो आणि मग मागचाही गेला. शेवटचे वीस किलोमीटर एकाच गिअरवर, चढावर उतरून ढकलत. संध्याकाळी सहाचा कॉल मी रस्त्याच्या कडेला बसून, कॅमेरा बंद ठेवून घेतला. कोणीतरी विचारलंच, "मागे गाई आहेत का?" होत्या.

आता घेतानाच बटण दाबून दिव्याचा रंग बघतो. शक्य असेल तर साधी तारेची मागतो.

नाशिकचा_चढ

उलटा अनुभव. बाहेरदेशी नाही, बेंगळुरूला. नंदी हिल्सची खूप हौस. पहिल्या दुकानात जी "रोडबाईक" दाखवली तिचे टायर कडेला फाटलेले, साखळी गंजलेली. दुसरीकडे ठीक मिळाली, पण हेल्मेट नव्हतं. नंदीचा माथा १४७८ मीटरवर, शहरापासून साठ-एक किलोमीटर. पहाटे चारला ट्रकांमधून साठ किलोमीटर आणि उतरताना फाटका टायर, नको रे बाबा. शेवटी ब्रेव्हेच्या (लांब पल्ल्याच्या, वेळेची मर्यादा असलेल्या राइडच्या) ओळखीतल्या एकाने त्याची जुनी सायकल दिली. भाडं घेतलं नाही, फिल्टर कॉफीचं बिलही त्यानेच दिलं. आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, हे ऐकल्यावर त्याने सायकल धुऊनच दिली.

परत करताना मी साखळीला तेल लावून, नवीन ट्यूब ठेवून दिली. आपल्याकडे भाड्यापेक्षा ओळख जास्त चालते. ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

वाऱ्याविरुद्ध

पेडलचं कोणी लिहिलं नाही म्हणून. क्लीटचे (तळाशी पेडलात अडकणारी खुंटी असलेले) बूट नेत असाल तर पेडलही न्या, दुकानातल्याशी जुळेलच असं नाही. काढताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. एकदा मी शिनचूच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं त्याला चुकीच्या बाजूने फिरवत होतो. शेवटी वॉचमन काका काही न बोलता आले, पाना माझ्या हातातून घेतला, दुसऱ्या बाजूला एक झटका दिला आणि परत जाऊन खुर्चीत बसले.

घाटमाथा

वा! पुढच्या महिन्यात मला फ्रान्समध्ये ग्रेनोबलला जायचंय, मंगळवार ते शुक्रवार काम, शनिवार मोकळा. बूर्ग द्वाझांहून आल्प द्युएझच्या घाटातल्या २१ वळणांसाठी कोणी सायकल घेतली असेल तर लवकर लिहा. बसमध्ये सायकल चढू देतात की खालच्या गावातच घ्यावी? आणि फिरकी, तुमचा तो साहेबांना दिलेल्या कागदाचा मजकूर मिळेल का?