मदत हवी आहे: किराण्याची कुपनं नीट कशी लावून ठेवायची?
नमस्कार मंडळी, किराण्याची कुपनं मी जपून ठेवते, पण बिल करताना हवं ते हाताला लागत नाही. काल आवरताना मुदत संपलेली सात निघाली, फार हळहळ वाटली. सध्या धान्य, साबण, स्वच्छता अशी वेगवेगळी पाकिटं केली आहेत. त्यात कोणाची मुदत जवळ आली ते कळत नाही. तारखेनुसार लावली, तर एकाच वस्तूची कुपनं विखुरतात. त्यात निम्मी मोबाइलमध्ये, आणि किमान खरेदीची अट प्रत्येकाची वेगळी! कागदी आणि मोबाइलवरची कुपनं तुम्ही एकाच यादीत कशी आणता? कुपन आहे म्हणून नको ती वस्तू घ्यायची नाही, हे माझं पक्कं आहे. आधी यादी, मग कुपन, अशी कोणाची वर्षभर टिकलेली पद्धत असेल तर कृपया सविस्तर सांगा.