सबट्रॅक्टिव्ह सिंथेसिसला मराठीत काय म्हणायचं?

सावदेकरीण: विद्यापीठात कॉम्प्युटर म्युझिक शिकतेय, सुट्टीत गावी आलेय आणि इथल्या शाळेत पोरांना मराठीतून सांगायचंय की कॉम्प्युटर आवाज तयार कसा करतो. सिंथेसिसला 'ध्वनिसंश्लेषण' लिहिलं तर बाबा म्हणे ते तर केळीच्या पानात होतं. ते जाऊ द्या, खरी अडचण सबट्रॅक्टिव्हची. हार्मोनिक्सनी, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांनी, ठासून भरलेली सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी) लाट घ्यायची आणि फिल्टरने नको ते गाळायचं. संश्लेषण म्हणजे जोडणं ना, मग गाळून जोडायचं कसं?

तापीकाठ: बरोबर पकडलंत ताई. सम् अधिक श्लिष्, म्हणजे चिकटणं, बिलगणं. श्लेष अलंकार त्यातलाच. अ‍ॅडिटिव्हला चालेल, तिथे साइन लाटा एकमेकींत मिसळत जायच्या. एफएमला, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनला, मात्र अवघड, एका लाटेने दुसरीची वारंवारता थरथरवायची, यात जोडलं काय? जॉन चाउनिंग या संगीतकाराला हे स्टॅनफर्डमध्ये १९६७ ला सापडलं, त्यावर चालणारा यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर आला १९८३ ला, शब्द आपल्याकडे अजून यायचाय.

शुद्धलेखक: ग्रीकमध्येही सिंथेसिस म्हणजे एकत्र ठेवणंच. त्यांना गाळताना अडचण येत नाही, आपल्यालाच का? संश्लेषण लिहा, वापरलं की रुळतं.

बँडवाल्याचा_भाचा: भो, आमचे मामा धुळ्याला लग्नाच्या बँडात कॅसिओ वाजवायचे, सगळे म्हणायचे 'सनई काढी दे'. आवाज काढणं म्हणजे निर्माण करणं आणि डाळीतले खडे काढणं म्हणजे टाकून देणं, एकाच शब्दात दोन्ही बसतंय की!

शुद्धलेखक: मग पदवीवर छापा, 'आवाज काढण्यात पारंगत'.

बँडवाल्याचा_भाचा: चित्र काढतात तेव्हा चालतं ना तुम्हाला.

तापीकाठ: कॅसिओची सनई ही सनई नव्हेच हा वेगळा मुद्दा, टिंबर, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो तो गुण, जमत नाही. टिंबरला आम्ही संगीताच्या परीक्षेत 'नादाची जात' लिहायचो.

सावदेकरीण: वर्गात जात म्हटलं की तास भलतीकडेच जाईल. मी 'पोत' म्हणणार आहे.

बँडवाल्याचा_भाचा: पोत जमिनीचा. नाहीतर गळ्यातली.

तापीकाठ: गळ्यातली ती पोत, जमिनीचा तो पोत, लिंग वेगळं म्हणजे शब्दही वेगळे असणार.

बँडवाल्याचा_भाचा: आईची पोत मागे बाजारात तुटली, निम्मे मणी गटारात, उरलेले घरी आणून परत जोडली. घ्या, गाळून जोडलं.

शुद्धलेखक: त्याला ओवणं म्हणतात.